४८६ची डिस्क बदलतोय: शनिवार-रविवारचा हिशेब

शनिवार

काकांच्या छापखान्यातली जुनी ४८६ पीसी. तिची १३० एमबीची डिस्क तीनदा टकटक करते आणि चौथ्या खेपेला कशीबशी फिरते. आधी डेटा काढू म्हणून यूएसबी अडॅप्टरला लावली, तर दिसेचना. इतक्या जुन्या डिस्कला फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर असा तीन आकड्यांचा पत्ता कळतो आणि हे अडॅप्टर बहुतेक एलबीएच, म्हणजे सेक्टरचा सलग क्रमांकच, मागतात. शेवटी पेंटियमचा जुना बोर्ड काढला, आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) केबल जोडली आणि लिनक्समधून डीडीरेस्क्यू हा डेटा वाचवणारा प्रोग्राम लावला. संध्याकाळपर्यंत ४४ सेक्टर सोडून सगळं हाती आलं.

बदली म्हणून जुनीच डिस्क घ्यायची नाही, हे माझं पक्कं आहे. तिचंही वय तेवढंच! सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड मुळात आयडीईच बोलतं, त्यामुळे त्याच्या अडॅप्टरवर तारांपलीकडे फारसं काही नसतं. कार्ड मुद्दाम ५१२ एमबीचं घेतलं. जुना बायोस (मशीन सुरू होताच चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर एवढंच मोजतो, म्हणजे ५२८ एमबी. माझं कार्ड ९९३/१६/६३, बरोब्बर आत बसतं. मोठं कार्ड हवं असेल तर नेटवर्क कार्डाच्या बूट रॉम सॉकेटमध्ये मोठ्या डिस्क ओळखणारा एक्सटी-आयडीई बायोस बसवायचा. तो उद्योग पुढे कधीतरी.

रविवार

बायोसमध्ये डिस्कसाठी टाइप ४७ (स्वतः आकडे भरायचा पर्याय) निवडून तिन्ही आकडे भरले. मग डॉसमधून पार्टिशन पाडायला एफडिस्क, आणि त्यावर फॉरमॅट सी: /एस. रीस्टार्ट केलं तर डाव्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकतोय. केबल बदलली, मास्टर-स्लेव्हचा जंपर इकडून तिकडे केला, तास गेला. भानगड वेगळीच निघाली. कार्ड आधी कॅमेऱ्यात होतं. पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५ एए ही खूण आधीपासूनच होती, त्यामुळे एफडिस्कला वाटलं बूट कोड (डिस्कवरून मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आहेच, आणि त्याने फक्त पार्टिशन टेबल लिहिलं. बूट कोड नव्याने लिहिणारं एफडिस्क /एमबीआर मारलं, सेकंदात काम झालं.

पार्टिशन लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये करू नका, ४८६वरच करा. दोघांचा हेडचा हिशेब जुळत नाही. फाइली मात्र नंतर रीडरमधून खुशाल टाका, मीही तेच केलं.

सीमॉसची (बायोसचे आकडे लक्षात ठेवणाऱ्या मेमरीची) गळकी बॅटरी गेल्या वर्षीच कापून टाकली होती. म्हणून दर वेळी आकडे नव्याने भरायचे. चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली आहे.

मशीन सुरू केलं की आता फक्त पंख्याचा आवाज. काका म्हणाले, "अरे, चालू झालंय का ते?" एका लग्नपत्रिकेची फाइल टाइप कमांडने उघडली. पडद्यावर ग्रीक अक्षरं आणि चौकटींचे तुकडे. पडद्यावर देवनागरी दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये होतंच. ते चालू करून तीच कमांड पुन्हा दिली.

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वधूच्या मामांच्या नावातली तीन अक्षरं मात्र त्या ४४ सेक्टरांत गेली.