काळं पडलेलं खरं निघालं

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षबागायतदाराने काउंटरवर काळं पडलेलं चांदीचं ब्रेसलेट ठेवलं. "शेठ, याची मोड करा. खोटं निघालं. मला असलं द्या." असलं म्हणजे सोबत आलेल्या मित्राच्या मनगटावर होतं तसलं. दोन्ही कर्ब, म्हणजे पिळून चपट्या केलेल्या कड्यांची, रुंदीला जवळजवळ सारखी. एक जांभळट काळं, दुसरं लख्ख. सराफ बाजारात जड जेंट्स ब्रेसलेटचं गिऱ्हाईक काही नवं नाही. पण त्या दुपारी मी जे बोललो ते योग्य होतं की आगाऊपणा, यावर आमच्या दुकानात अजून एकमत नाही.

आधी काळेपणाचं सांगतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचा असा माल आम्ही लांबूनही ओळखतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारतात, आणि गंधक चांदीचा वैरी. दोघांचा संबंध आला की सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. पातळ असताना तो पिवळसर दिसतो, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी काळा. स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ९२५च्या मालात, ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं असतं, तेही गंधकाने काळवंडतं. या ब्रेसलेटचा काळेपणा कड्यांच्या खाचांत दाट होता आणि मनगटाला घासणाऱ्या पाठीवर जवळपास नव्हता. "फवारणीला हातात असतं का?" विचारलं. "असतंच की, काढायचं कशाला?" म्हणाला. काळी पडली म्हणजे चांदी खोटी, या समजापायी लोक खरा माल मोडीत घालतात. आणि आमच्यातले काही दुकानदार तो समज खोडत नाहीत, कारण मोडीत घट कापायला मिळते आणि वर नवा माल विकला जातो. मला याचा राग येतो.

मी पाण्याचा पेला मागवला. टंच, म्हणजे शुद्धता, मोजायचं मशीन आमच्याकडे आहे, पण त्याचे किरण पृष्ठभागाजवळच्या थरापुरतंच सांगतात. वर जाड मुलामा असेल तर आकडा फसवा येतो. पाणी आतलंही सांगतं. ही तपासणी घरीही जमते, फक्त काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. आधी ब्रेसलेटचं कोरडं वजन लिहून घ्यायचं. मग पेल्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालायचा, पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा. ब्रेसलेट बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं धरायचं, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता. शुद्ध चांदीची १०.४९, ९२५ची साधारण १०.३६, पितळेची ८.४ ते ८.७. लिक्विडचा थेंब विसरू नये. कड्यांच्या सांध्यात हवेचे बुडबुडे राहिले तर आकारमान वाढून दिसतं आणि चांगला माल हलका ठरतो. पाण्यात दोन-तीनदा हलवून मगच आकडा वाचावा.

काळं ब्रेसलेट कोरडं ७८.६० ग्रॅम भरलं, पाण्यात काट्याने ७.६० दाखवलं. भागाकार १०.३४. खाण्याच्या सोड्याने पुसून कडीचा एक भाग उघडा केला आणि मशीनवर ठेवला, तिथेही ९२.४ आलं. माल खरा होता.

बागायतदाराचा विश्वास बसेना. त्याने मित्राच्या मनगटावरचं ब्रेसलेट काढून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं, "आता हे बुडवा." मित्रही हसत होता. कोरडं वजन ६४.२० ग्रॅम, पाण्यात ७.५०. म्हणजे ८.५६. आकारमान जवळपास तेवढंच आणि वजन चौदा ग्रॅमनी कमी. हातात घेतल्यावरही फरक जाणवत होता, पण मनगटावर वजनापेक्षा चकाकी आधी दिसते.

इथे नीट बोलावं लागतं. ८.५६ हा आकडा पितळेशी जुळतो, पण त्यावरून पितळच असं म्हणता येत नाही. आतून थोड्या पोकळ, बंद कड्यांची खरी चांदीही असा आकडा देऊ शकते. भरीव ९२५ मात्र देऊ शकत नाही. मी तेवढंच म्हणालो, "भरीव ९२५ नाही, एवढं नक्की. आत काय आहे ते बघायचं तर कडीच्या आतल्या अंगाला कानशीने एक बारीक ओरखडा काढावा लागेल. पितळ असेल तर लगेच पिवळं दिसेल." मित्र म्हणाला, "नको, राहू द्या." आणि ब्रेसलेट परत मनगटात घातलं.

पाण्याची मर्यादाही सांगून ठेवतो, नाहीतर लोक पेला घेऊन भांडायला जातील. ८०० टंचाच्या, म्हणजे ८० टक्के शुद्ध चांदीची घनता १०.१४च्या आसपास येते. ७८ ग्रॅमच्या मालात ९२५ आणि ८०० यांच्यात पाण्याच्या आकड्याचा फरक जेमतेम ०.१६ ग्रॅम, आणि एवढा फरक बुडबुडेही पाडतात. ही पद्धत पितळ पकडते, टंच चोरणाऱ्याला पकडत नाही. त्यासाठी तुकडा काढून प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

आता काळं ब्रेसलेट खरं होतं म्हणून ते चांगलं निवडलं होतं असं नाही. फासा, म्हणजे टोकं अडकवायचा खटका, बघून मला वाईटच वाटलं. ७८ ग्रॅमच्या साखळीला नाजूक चेनला शोभेल असा छोटा लॉबस्टर, म्हणजे स्प्रिंगवर उघडणारा फासा, आणि त्याला साखळीशी धरणारी शेवटची कडी डाख न लावलेली, नुसती दाबून बंद केलेली. भिंगातून सांधा उघडा दिसत होता. जड ब्रेसलेट हरवतं ते बहुतेक इथूनच, मधली कडी क्वचित तुटते. कारखाने ही कडी उघडी का सोडतात त्यालाही कारण आहे. लॉबस्टरच्या आत पोलादी स्प्रिंग असते, शेजारी डाख लावताना आच लागली की स्प्रिंग मरते. नीट काम करायचं तर लेझरने जोडावं लागतं, किंवा लॉबस्टर ओल्या कापडात गुंडाळून झटपट डाख लावावी लागते. राजकोट, आग्र्याहून वजनावर येणाऱ्या मालात एवढा वेळ कुणी देत नाही.

म्हणून घेताना फाशापासून सुरुवात करा. साठ ग्रॅमच्या पुढे मी पेटीचा फासा सुचवतो, दोन्ही बाजूंना आठच्या आकड्यासारख्या तारेची सेफ्टी असलेला. जीभ आत ढकलली की टक् असा आवाज आला पाहिजे, आणि बंद केल्यावर बाजूला हलवून बघितलं तर खेळ नको. लॉबस्टरच हवा असेल तर तो साखळीच्या रुंदीला साजेसा मोठा घ्या आणि शेवटची कडी जोडलेली आहे का ते विचारा. मग सुती दोरा किंवा कापसाचा पुंजका साखळीवरून दोन्ही दिशांनी ओढा. जिथे धागा अडकेल तिथे सांधा उघडा आहे किंवा कोर राहिली आहे. नखाने कळत नाही ते कापसाने कळतं.

कड्यांच्या घाटात रोज वापरायला कर्बच बरा. मनगटावर सपाट बसतो, भार सगळ्या कड्यांवर सारखा पडतो. फिगारोत आखूड कड्यांमध्ये एक लांब कडी असते, ती आधी ताणली जाते. बायझंटाइन दिसतं भरगच्च, पण शेकडो बारीक कड्यांत घाम आणि माती बसते आणि ते साफ करायला सांगितलं की कारागीर तोंड फिरवतो. डायमंड कट चकाकतं खरं, पण पैलू पाडताना धातू गेलेला असतो, कोपरे लवकर झिजतात. पोकळ साखळीच्या वाटेला जाऊच नका. २०२५मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली तेव्हापासून 'रुंद पण हलकं' अशी मागणी वाढली आहे. पोकळ कडी एकदा चेपली की सरळ होत नाही, आणि दुरुस्तीत डाख आत उतरते.

९९ टंचाचं, म्हणजे ९९ टक्के शुद्ध, मागणारेही येतात. शुद्धतेचा मोह समजतो, पण शुद्ध चांदी मऊ असते. जड साखळीत स्वतःच्याच वजनाने आणि झटक्यांनी कड्या लांबत जातात. साडेसात टक्के तांबं आहे म्हणूनच स्टर्लिंग आकार धरून राहतं.

लांबीत बहुतेक जण फसतात. मनगटाच्या हाडाजवळ टेपने घट्ट माप घ्यायचं. १९ सेंटिमीटर आलं तर बारीक चेनला दीड सेंटिमीटर वाढवलं की पुरतं, जड चेनला अडीच लागतात. साखळी जाड असली की वळवल्यावर आतला घेर कमी होतो. ३ मिलिमीटर जाडीत जवळपास एक सेंटिमीटर तिथेच जातो. घातल्यावर आतून एक बोट सहज गेलं पाहिजे, दोन जात असतील तर ते सैल. सैल ब्रेसलेट टेबलावर, गाडीच्या हँडलवर आपटत राहतं आणि प्रत्येक आपटण्याचा मार फाशाला बसतो.

मित्र सातपूरच्या कंपनीत लेथवर असतो असं बोलण्यात निघालं. त्याला मी स्पष्ट सांगितलं, फिरत्या मशीनजवळ हे घालून उभं राहू नका. नीट डाख लावलेली साखळी तुटत नाही, हात ओढून नेते. बॅटरीच्या कामालाही तेच, चांदीइतकी चांगली वीज दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही.

बागायतदाराने मोड रद्द केली. फासा बदलून घेतला, शेवटच्या कड्या लेझरने जोडून घेतल्या. काळेपणासाठी काचेच्या भांड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, कढत पाणी, दोन चमचे खाण्याचा सोडा, आणि ब्रेसलेट फॉइलला टेकलेलं. काही मिनिटांत बराचसा काळा रंग उतरला. यात चांदी घासली जात नाही, गंधक तेवढा अ‍ॅल्युमिनियमकडे जातो. मुद्दाम ऑक्सिडाइज केलेल्या मालाला हे करू नये, सगळी नक्षी पांढरी पडते. फवारणीला काढून बंद पिशवीत ठेवायचं, एवढं त्याने कबूल केलं.

ते गेल्यावर आमचे शेठ नाराज झाले. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याच्या मालावर आपण बोलायचं नाही, हा बाजाराचा रिवाज आहे. मित्राने स्वतः विचारलंही नव्हतं. रिवाज मला मान्य आहे. पण गप्प बसलो असतो तर बागायतदार खरी चांदी मोडून त्या चकाकीच्या मागे गेला असता, आणि तो तर माझ्यासमोर उभा होता. मला बोचतं ते वेगळंच. मित्राने कानस लावू दिली नाही, त्यामुळे त्याच्या मनात मी अर्धाच निकाल सोडला.

जाताना त्याने मोबाइलवर बिल दाखवलं होतं. 'सिल्व्हर ब्रेसलेट, १ नग' आणि खाली एक रक्कम. टंच नाही, वजन नाही, मजुरी वेगळी नाही. ९२५चा शिक्का फाशावर होता, पण तो मारायची ठोकणी बाजारात कुणालाही मिळते. चांदीला हॉलमार्क अजून बंधनकारक नाही. १ सप्टेंबर २०२५पासून ऐच्छिक हॉलमार्कवर एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक, आला आहे आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. त्याच्या ब्रेसलेटवर तो नव्हता. चांदी नगावर विकत घेऊ नये. बिलावर ग्रॅममध्ये वजन, टंच, त्या दिवसाचा भाव, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे असावेत, आणि मोड कोणत्या टंचाने घेणार तेही लिहून घ्यावं. मित्राला मी सांगितलं आहे, ब्रेसलेट जिथून घेतलं त्याच दुकानात जाऊन वजन आणि टंच बिलावर लिहून मागा. लिहून देतील असं मला वाटत नाही, पण नकार दिला तर तो त्याच्या तोंडावर द्यावा लागेल.