पाडलेली ग्रंथालये

नागपूर, रविवार

अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाची छायाचित्रे आज दुपारी पुन्हा पाहत बसलो. १८७४ साली खुल्या झालेल्या या इमारतीत मधले दालन थेट काचेच्या छतापर्यंत मोकळे होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाच्या पाच मजली सज्ज्यांतून पुस्तके खालपासून वरपर्यंत रचलेली होती. १९५५ मध्ये ती पाडली गेली. त्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. पाहणारा हळहळतो हे खरे, पण वरच्या सज्ज्यातले एक पुस्तक काढायला गोल जिना चढणाऱ्या शिपायाला विचारले असते, तर त्याचे मत कदाचित वेगळे पडले असते. जागा पुरेनाशी झाली होती, हवाही खेळत नव्हती. म्हणजे ही इमारत पुस्तकांच्या शत्रूंनी पाडली नाही. ती पुस्तकांनाच अपुरी पडली.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमने तर कमालच केली. १८७९ च्या आगीनंतर १८८२ मध्ये उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय १९७४ मध्ये पाडले, आणि त्याच्या जागी आलेल्या काँक्रीटच्या ग्रंथालयावरही २०१६ मध्ये हातोडा पडला. एक मात्र शहाणपणाचे केले: शेक्सपियर स्मारक दालनाचे कोरीव लाकूडकाम आधीच उतरवून ठेवले होते, ते २०१३ च्या नव्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर बसवले आहे.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयाचे काहीच उतरवून ठेवले नाही. सागवानी माडीला वाळवी लागली होती, पावसाळ्यात मासिकांच्या गठ्ठ्यांवर ताडपत्री घालावी लागे. त्यामुळे ती वास्तू पाडण्याचा कार्यकारिणीचा निर्णय चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या झडपांवर पांढऱ्या रंगात ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेले होते, ती काचेची कपाटे भंगारवाल्याला वजनावर द्यायची काय गरज होती? देणगीदारांची नावे निदान उतरवून तरी घ्यायची!

सिनसिनाटीचे दालन आज आपण पाहू शकतो ते कोणी वेळीच छायाचित्रे काढली म्हणून. आमच्याकडे एका वार्षिक सभेचा समूहफोटो तेवढा आहे, आणि त्यातही मागची इमारत पदाधिकाऱ्यांनी जवळजवळ झाकून टाकली आहे. जुन्या सभासदांच्या घरच्या अल्बमांत आणखी काही सापडते का, हे विचारणारे पत्र मी आज चिटणीसांसाठी लिहून ठेवले आहे.