पेडण्याच्या रस्त्यावर भेटलेला शिमोन

बांदा कधी गेलं, पत्रादेवीचा नाका कधी ओलांडला, सगळं आता एकमेकांत मिसळलंय. लक्षात राहिलेत ते बोटांतून सरकणारे रोझरीच्या जपमाळेचे मणी, पाठीवर येणारे ट्रकचे हॉर्न आणि आमच्या घोळक्यातल्या एका मावशींचा आवाज. 'नमो मारिया' त्या अशा घाईने म्हणत की आमचं दहा मण्यांचं दशक संपायच्या आत त्यांचं पुढचं सुरू. मला राग येई. सायबाच्या, म्हणजे जुन्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला चालत निघालेली बाई, तिला राग येऊ नये म्हणतात. मला आला, आणि तो घेऊनच मी चालत राहिले.

मालपेचा उतार संपता संपता डाव्या टाचेचा फोड फुटला. मोजा काढला तर कातडीचा तुकडा त्याला चिकटून आला. नोव्हेंबर सरत आला तरी दुपारी हायवेचं डांबर भाजतं. मंगळवार होता, रोझरीत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग, चालली होती. घोळका पुढे गेला, प्रार्थना पुसट होत गेली. देवा, आता पुरे, एवढीच माझी प्रार्थना उरली.

पेडणे मागे पडल्यावर रस्त्यालगत एक घर लागलं. अंगणात तुळस, ओट्यावर सुपारी सोलत बसलेली बाई. माझी चाल बघून ती उठली. 'बाये, बस हांगा.' कोमट पाण्यात मीठ घालून तिने टाच धुतली, खोबरेल लावलं, जुन्या पातळाची चिंधी फाडून बांधली. हातातली रोझरी बघून 'सायबागेर?' एवढंच विचारलं. मग आत हाक मारली. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बॅट घेऊनच बाहेर आला.

'बायेची पिशी घे आनी धारगळ मेरेन पावय.'

स्कूटरवर बसा, तो म्हणाला. चालतच जायचा नवस आहे म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. 'आये, म्हजी मॅच आसा गे.' आईने नुसतं बघितलं.

पिशवी खांद्याला अडकवून तो पुढे चालू लागला. माझ्याशी शब्द नाही. फोन वाजला की 'येता रे, येता' म्हणून खेकसायचा. मला संकोच वाटत होता आणि रागही. एवढी जिवावर येते तर करू नये मदत. पण वळण आलं की तो थांबायचा. माझ्याकडे न बघता थांबायचा आणि मी जवळ पोचले की निघायचा. एक ट्रक अगदी अंगावरून गेला, तेव्हा काही न बोलता तो रस्त्याच्या बाजूला आला आणि मला आत घेतलं.

तेव्हा मला येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन आठवला. क्रुसाच्या वाटेचं, येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदा चित्रांतलं, पाचवं स्थान. उपवासकाळातल्या शुक्रवारी त्यापुढे गुडघे टेकतच आम्ही वाढलो. चित्रात तो भाविक दिसतो. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र तो रानातून येणारा वाटसरू आहे, शिपायांनी वेठीला धरलेला. त्याचं मन राजी होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. सण तोंडावर होता, त्यालाही घाई असेल. पण त्याने उचललं तेवढ्या वाटेपुरता येशूचा भार खरोखर उतरला. वाहणाऱ्याच्या कपाळावर आठ्या होत्या म्हणून क्रूस जड झाला नाही.

धारगळीला आमची माणसं झाडाखाली बसली होती. त्याने पिशवी ठेवली आणि आल्या वाटेने पळत सुटला. मी 'देव बरें करूं' म्हणाले, ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

रात्री मी हे सांगितलं तर मावशी म्हणाल्या, 'मनापासून केलं नाही गो त्याने, मग पुण्य कसलं?' मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. मार्क शिमोनाच्या मुलांची नावं लिहितो, आलेक्सांद्र आणि रूफ. वाचणाऱ्यांच्या ओळखीची माणसं असल्याशिवाय कोण अशी नावं देईल? म्हणजे वेठीने उचललेला तो भारही वाया गेला नसावा.

म्हापशाचं मिलाग्रिस सायबिणीचं चर्च, पर्वरी, मांडवीचा पूल, रायबंदर. जुनं गोवं आलं. बॉं जेझू चर्चच्या रांगेत धक्के खात उभी होते. वर सायबाचं शव असलेली चांदीची पेटी. 3 डिसेंबर 1552 ला सायब चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्सियान बेटावर वारला तो चीनला नेणाऱ्याची वाट बघत. नेतो म्हणून कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. मला नेणारा मिळाला होता, मॅच सोडून आलेला. त्याच्यासाठी आणि त्याच्या आईसाठी एक मिस्सा सांगितली. नावं मला ठाऊक नव्हती, म्हणून वहीत 'पेडण्याची आई आणि मुलगा' असं लिहून घ्यायला लावलं.