सड्यावरची प्रवासी इमारत आणि कोकणातला पाऊस

मी आर्किटेक्ट आहे. कोकणातल्या एका छोट्या विमानतळाच्या नव्या प्रवासी इमारतीचं काम पहिल्या रेघेपासून चाचणीपर्यंत मी पाहिलं. लोक अजून विचारतात, नवी मुंबई विमानतळासारखी कमळाच्या आकाराची इमारत आपल्याकडे का नाही? तिथलं पहिलं टर्मिनल वर्षाला २ कोटी प्रवाशांसाठी बांधलंय, त्यामुळे तिथलं गणितच वेगळं. छोट्या विमानतळावर वर्षभराच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. इमारत किती मोठी हवी, हे ठरतं सगळ्यात गर्दीच्या एका तासावर.

हा तास धरायचा कसा, यावर आमच्या बऱ्याच बैठका झाल्या. एअरबस ए३२० मध्ये साधारण १८० आसनं असतात. एक विमान उतरलं की १८० माणसं बेल्टकडे येतात आणि त्याच विमानाने जाणारी १८० आत बसलेली असतात. कागदावर हिशोब तिथे संपतो. पण आमचं विमानतळ सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या पठारावर, आणि जुलैत सड्यावर ढग टेकतात. धावपट्टी दिसेना झाली की विमान वरच घिरट्या घालतं, नाहीतर दुसरीकडे वळवलं जातं. त्याचे प्रवासी इथेच अडकतात आणि तेवढ्यात पुढच्या विमानाचे येऊन पोचतात. म्हणून सिक्युरिटीनंतरचा हॉल वेळापत्रकावर न मोजता उशीर झालेल्या दिवसावर मोजायचा, असं मी लावून धरलं. खर्च वाढतो म्हणून बरीच कुरकूर झाली. शेवटी खुर्च्या वाढल्या आणि स्वच्छतागृहंही वाढली.

उंचीचं मात्र आपल्या हातात काही नसतं. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा सोडावा लागतो आणि त्याच्या कडेपासून एक अदृश्य उतार वर चढत जातो. सात मीटर मागे सरकलात, तर एक मीटर उंची मिळते. ए३२० ची शेपटी जवळपास १२ मीटर उंच, तीसुद्धा त्या उताराखाली मावली पाहिजे. म्हणजे आधी उभ्या विमानाची जागा, त्यामागे इमारत. नंतर नकाशे सुरक्षेच्या मंजुरीसाठी बीकासकडे, म्हणजे विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे गेले. येणारा आणि जाणारा प्रवासी आत कुठेही एकमेकांत मिसळता कामा नये, हा तिथला कडक नियम. इमारत लहान असली तरी वाटा दोन ठेवाव्याच लागतात.

खरा प्रश्न गावातून आला. जमीन दाखवायला गेलो तेव्हा सड्याखालच्या वाडीतले एक आजोबा म्हणाले, "बाय, पाणी खंय जातला ता आधी सांग." सडा म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र. वर पडलेलं पाणी त्यात मुरतं आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना, झऱ्यांना मिळतं. सड्यावर काँक्रीट आणि डांबर पसरलं की तेच पाणी एका बाजूने लोटत उतरतं आणि खालची शेती धुऊन नेतं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस असलेल्या मुलखात हा विषय नकाशाच्या कोपऱ्यात टाकून चालत नाही. छपराचं स्वच्छ पाणी वेगळ्या गटाराने शोषखड्ड्यांकडे नेलं. जिथे विमानं उभी राहतात, तिथलं तेलकट पाणी आधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीत. हे दोन प्रवाह वेगळे ठेवण्यावर माझा जितका वेळ गेला, तितका दर्शनी भागावर गेला नाही, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं.

दुसरा हट्ट पोर्चचा. आपल्याकडे विमानतळावर एकटा माणूस येत नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला घ्यायला अख्खं घर येतं. तिकीट नसेल तर आत सोडत नाहीत, म्हणजे ही सगळी मंडळी बाहेरच उभी. पहिल्या ड्रॉइंगमध्ये पोर्च जेमतेम गाडीवर सावली पडेल एवढा होता. घराला पडवी तसा इमारतीला पोर्च, आणि पडवीला पावसाळ्यात झापं का बांधतात हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. झड आत येते.

तपासायला भर पावसात साइटवरच्या जुन्या शेडखाली जाऊन उभी राहिले. वारा नैर्ऋत्येचा. पागोळ्या सरळ पडतच नव्हत्या, छपराखाली तिरक्या घुसत होत्या. ओली आणि कोरडी फरशी जिथे वेगळी होत होती, तिथे चिऱ्याचे तुकडे मांडत गेले. वारा वाढला की ती रेघ आणखी आत सरकायची. सगळ्यात आतल्या तुकड्यापर्यंत टेप धरून फोटो काढले आणि पुढच्या बैठकीत तेच टेबलावर ठेवले. पोर्च जवळजवळ दुप्पट खोल झाला, पश्चिमेला जांभ्याची भिंत आली. भिंतीलगत बाक, पंखे, पिण्याचं पाणी आणि बाहेरच्या माणसांसाठी वेगळं स्वच्छतागृह मिळालं.

बांधकामाबद्दल एवढंच सांगते, की खाऱ्या हवेत साधा नट-बोल्टसुद्धा निवडून घ्यावा लागतो. मे महिन्यापर्यंत छप्पर बंद झालं नाही, तर पुढचे चार महिने आतलं काम रखडतं.

उघडण्याआधी खोट्या प्रवाशांची चाचणी झाली. कॉलेजची मुलं, आसपासच्या गावांतल्या बायका, व्हीलचेअरवरच्या एक आजी. कुणी बॅगा आणल्या, कुणी आंब्याच्या रिकाम्या पेट्या. एक्स-रे, बेल्ट, घोषणा सगळं ठीक चाललं. अडलं ते पोर्चसमोरच्या गटाराच्या जाळीवर. ट्रॉलीचं पुढचं चाक फटीत गेलं आणि व्हीलचेअरचंही. आजी म्हणाल्या, "हे आज कळलं ते बरं झालं." बारीक फटींच्या जाळ्या बसवून घेतल्या आणि आजींना पुन्हा बोलावून तिथूनच नेलं.

एक काम राहिलंय. एसटीचा थांबा पोर्चपासून लांब आहे आणि मधली वाट उघडी. तिथपर्यंत छप्पर घालायचा नकाशा मी करून दिलाय, मंजुरी यायची आहे. पुढच्या पावसाळ्याआधी ते व्हावं म्हणून माझा पाठपुरावा चालू आहे.