जोडकांडीवरचं गाणं

१९७२ च्या दुष्काळात आमची टुरिंग टॉकीज शिंदखेडा तालुक्यात होती. पाझर तलावाचं आणि खडीचं काम चालू होतं. लोकांच्या हाती पैसा यायचा तो पगारवाटपाच्या दिवशीच. एरवी तंबू रिकामा, पण वाटप झालं की पडद्याच्या दोन्ही अंगांना बसायला जागा नसे. दिवसभर खडी फोडून आलेला माणूस तिकिटाचा पै न् पै वसूल करणारच, आणि तो त्याचा हक्कच होता.

मालकाने काटकसर सुरू केली ती कार्बनपासून, म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या दोन कांड्यांपासून; त्यांच्या टोकांमधली ज्योत पडद्यावर उजेड पाडते. हजार फुटी रीळ अकरा मिनिटं चालतं. तेवढ्यात पॉझिटिव्ह कांडी साधारण दोन इंच जळते, निगेटिव्ह त्याहून सावकाश. चित्र सोळा रिळांचं. बारावं रीळ वगळलं तरी कथा तुटत नाही, असा हिशेब करून ते पेटीतच ठेवायला सांगितलं. पण त्याच रिळात गाणं होतं.

खेळ सुटला तरी कोणी उठेना. बायकांच्या बाजूने आवाज आला, "भाऊ, गाणं कथा गयं?" म्हणजे गाणं कुठे गेलं? मग सगळा तंबू तेच विचारू लागला. अख्खी कांडी एकही शिल्लक नव्हती, फक्त दोन-दोन इंचांची थोटकं.

दोन थोटकांची टोकं कानशीने सपाट केली, जोडावर पातळ तांब्याचा पत्रा घट्ट गुंडाळला. इंचभर पकडीत जातं, तीन इंच बाहेर उरतं. म्हणजे पुढचं थोटूक संपेल तेव्हाच ज्योत जोडापाशी पोचणार. ती जोडावर आली की तांबं हिरवं जळतं, थेंब उडून दिव्यामागच्या आरशावर बसतात, सैल जोड असेल तर पुढचा तुकडा गळून पडदा काळा होतो. म्हणून जोड रिळाच्या शेवटाला पडेल असंच मोजून लावायचं.

रिळाच्या तोंडाशी फितीच्या कडेची भोकंही फाटली होती. दोन चौकटींच्या बरोबर मधल्या रेघेवर कापायचं, नाहीतर पडद्यावर पाय वर आणि डोकं खाली दिसतं. एका टोकाचा मसाला, म्हणजे फितीवरचा चित्राचा थर, ब्लेडने पार खरवडायचा, सिमेंटचा (फिती चिकटवायच्या द्रवाचा) एकच हात, आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाब. मसाला राहिला तर जोड गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या फितीच्या खिडकीत, सुटतो. चित्राचा आवाज फितीवर वीस चौकटी पुढे असतो, त्यामुळे नुसतं चित्र बघून कापलं तर सूर भलत्याच जागचा जातो. फाटकं तेवढंच काढलं.

गाणं लागलं. मी डोळा काळ्या काचेला लावून दोन्ही कांड्यांमधलं अंतर हाताने राखत होतो, कारण ते वाढलं की उजेड फडफडतो. शेवटच्या काही फुटांत हिरवी झाक आली, पण जोड टिकला. वन्स मोअरचा गजर झाला. ते मात्र शक्य नव्हतं, आणि मॅनेजरने तसं पडद्यापुढे उभं राहून सांगितलं.

पुढच्या वाटपाला सोळाही रिळं लागली. थोटकं आम्ही लांबीप्रमाणे निवडून डब्यात ठेवू लागलो. दीड इंचाखालचं टाकून द्यायचं, कारण पकडीत गेल्यावर त्यात जळायला काही उरत नाही.