मामाच्या इंदुरात, दुबईच्या फायनलला

अवंतिका एक्स्प्रेसनं इंदूरला उतरले ती शनिवार, 29 एप्रिल 2023 ची सकाळ. मामा फलाटावर उभा होता. माझी बॅग हातात घेत त्यानं पहिलं काय विचारलं, तर "रॅकेट आणलीस ना?" मग घर येईपर्यंत दुबई, दुबई आणि दुबई.

तिकडे आशियाई बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. आदल्या दिवशी सिंधू उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या आन से-यंगकडून तीन गेममध्ये हरली होती. आपली एकच जोडी उरली होती, सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी. चिराग आमच्या मालाडचा, गोरेगावात उदय पवारांकडे तयार झालेला, त्यामुळे मी त्याच्याबद्दल घरच्यासारखी बोलते. मामाला दोघं सारखेच. त्याचा जीव डबल्समध्ये.

मामीनं पोहे पुढे ठेवले. वर शेव, जिरावण हा इंदुरी मसाला, बाजूला गरम जिलबी. संध्याकाळी राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि रात्री सराफ्यातला खाऊबाजार असं सगळं झालं. इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, दुधाची घट्ट, गोड शिकंजी. एका ग्लासात पोट भरतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसाचं मला आठवतं ते मध्येच आलेलं मामाचं ओरडणं. उपांत्य सामन्यात समोर टोकियो ऑलिंपिकचे विजेते ली यांग आणि वांग ची-लिन होते. आपण पहिला गेम 21-18 जिंकलो आणि दुसऱ्यात त्यांनी दुखापतीमुळे सामना सोडला. मामा आनंदाने ओरडला आणि लगेच गप्प झाला. "असं जिंकू नये गं कुणी," म्हणाला.

रात्री झोपण्याआधी त्यानं किटलीत पाणी उकळायला ठेवलं. शटलची नळी दोन्ही टोकांनी उघडली, काही सेकंद वाफेवर धरली आणि झाकणं लावून ठेवून दिली. शटलला सोळा पिसं, वजन जेमतेम पाच ग्रॅम. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती पिसं इतकी ठिसूळ होतात की चार स्मॅशमध्ये मोडतात. वाफ लागली की तेच शटल जास्त टिकतं. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यात उष्ण, विरळ हवा. शटल लांब पळतं, म्हणून मी मुंबईत वापरते त्यापेक्षा कमी वेगाच्या नंबरचं तो घेतो. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या मला हे कधी सुचलंच नव्हतं.

रविवारी सहाला हॉलवर गेलो. मामा बहात्तर वर्षांचा. पळणं कमी झालंय, पण नेटपाशी त्याची रॅकेट अजून खाली येत नाही. दोन गेममध्ये त्यानं मला दहादा तरी ओरडून सांगितलं, "मारलंस ना? मग पुढे ये! मागे उभी राहून बघत बसू नकोस."

चहा पिताना त्यानं लखनौची गोष्ट सांगितली. 1965 मध्ये ही स्पर्धा तिथं भरली होती आणि दिनेश खन्नांनी अंतिम सामन्यात थायलंडच्या संगोब रत्तनुसोर्नला हरवलं होतं. मामा तेव्हा चौदाचा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी वाचून तो आणि त्याचा मित्र गल्लीत दोरी बांधून खेळायला लागले. "सगळ्यांना खन्ना व्हायचं होतं. डबल्सला कोण विचारत होतं?" 1971 मध्ये दीपू आणि रमण घोष या भावांनी जाकार्तात पुरुष दुहेरीचं कांस्य आणलं, त्याची आठवण मामाला जास्त. त्या दोघांबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलतो.

अंतिम सामना मलेशियाच्या ओंग यू सिन आणि टिओ ई यी यांच्याशी. पहिला गेम 16-21 गेला. मामी उठून आत गेली, तिला बघवेना. मामा मात्र टीव्हीपासून हलला नाही. सात्विक आणि चिराग मूळचे दोघंही मागून ठोकणारे. प्रशिक्षक तान किम हर यांनी ही जोडी लावली तेव्हा चिरागला नेटपाशी खेळायला शिकावं लागलं, हे मामा मला पडद्यावर बोट ठेवून दाखवत होता. सात्विकच्या स्मॅशकडे मी बघत होते, मामा स्मॅशच्या आधीच्या फटक्याकडे. "हे बघ, चिरागनं त्यांना शटल उंच उचलायला लावलं म्हणून सात्विकला मारता आलं."

दुसरा गेम 21-17. तिसऱ्यात श्वास कोंडला होता. 21-19 झालं आणि मी मामीला मिठी मारायला आत पळाले. बाहेर आले तर मामा खुर्चीतच, डोळ्यांना पंचा लावून. खन्नांनंतर 58 वर्षांनी आपल्याला या स्पर्धेत सुवर्ण मिळालं होतं आणि ते दुहेरीत मिळालं होतं. पुरुष दुहेरीत तर पहिल्यांदाच.

माझी परतीची गाडी सोमवारी संध्याकाळची, म्हणून सकाळी पुन्हा हॉलवर गेलो. सुट्टी असलेली शाळकरी पोरं आली होती. त्यातली दोघं सिंगल्ससाठी कोर्ट मागत होती. मामानं आणखी दोघांना हाक मारली, चौघांना आत घेतलं, सर्वांत लहान पोराला खांद्याला धरून नेटपाशी आणलं आणि त्याच्या रॅकेटचं टोक बोटानं वर केलं.

"इथं राहा. आणि ही खाली येऊ द्यायची नाही."