वॉचमनचे म्हणणे

घोडबंदर रोडवरील एका सोसायटीच्या फाटकावरचा बूम बॅरिअर कोसळून वॉचमनचे मनगट मोडले, तेव्हा तपासणीसाठी मी गेलो. वीज गेल्यामुळे त्याने चावीने गिअर मोकळा करून ४ मीटरचा दांडा हाताने उभा केला होता आणि नेमकी तेव्हाच आतली स्प्रिंग तुटली होती. ही स्प्रिंग दांड्याच्या वजनाशी अशी जुळवावी लागते की मोकळा सोडलेला दांडा ४५ अंशांवर जागच्या जागी थांबावा. आमच्या कामातले खरे कसब हेच. कमिटीने मात्र दांड्याच्या टोकाला परस्पर एक जड पाटी ठोकली होती. टोकावरचे वजन मध्यावरच्या तेवढ्याच वजनाच्या दुप्पट भार स्प्रिंगवर टाकते, पण आम्हाला विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

वॉचमन एकच गोष्ट सांगत होता, “दांडा सावकाश येत होता, म्हणून धरायला गेलो.” कमिटीला हा बनाव वाटला. माझ्या मते तो अक्षरशः खरे बोलत होता. उभा दांडा जसजसा कलतो तसतसा त्याला फिरवणारा जोर वाढत जातो. पाटी आणि घर्षण बाजूला ठेवून हिशेब केला, तर ५ अंश कललेल्या दांड्याला ३० अंशांपर्यंत यायला सुमारे १.३ सेकंद लागतात, पण उरलेले ६० अंश तो ०.६ सेकंदात संपवतो. आडवा होताना टोकाचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो; त्याच उंचीवरून सुटलेला दगड ताशी ३२ किलोमीटरने जमिनीवर येतो.

दगडापेक्षा दांडा वेगाने कसा पडेल, असे सेक्रेटरींनी विचारले. मी एका फूटपट्टीवर ओळीने नाणी मांडली, तिचे एक टोक टेबलाच्या कडेवर टेकवले आणि दुसरे टोक हातातून सोडले. बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यातली नाणी पट्टीपासून सुटून हवेत मागे राहिली. बिजागरीजवळच्या भागाला मनासारखे पडता येत नाही, त्यामुळे त्याचे वजन बाहेरच्या भागाला खाली रेटते आणि आडव्या पट्टीचे टोक सुटताक्षणी गुरुत्वत्वरणाच्या दीडपट त्वरणाने निघते. सेक्रेटरींनी प्रयोग पुन्हा करायला लावला आणि दुसऱ्यांदा ते स्वतः खाली वाकून बघत होते.

पाटी आता काढली आहे, नवी स्प्रिंग जुळवली आहे. सभेच्या इतिवृत्तात मात्र ‘वॉचमनचा हलगर्जीपणा’ हे शब्द तसेच आहेत. ते वगळावेत असे मी हिशेबासह लेखी कळवले आहे, आणि उत्तर येईपर्यंत माझा तपासणी अहवाल बंद करणार नाही.